दोन आकडे आणि मधली तार: पेडणे-डिचोलीतल्या कमी दाबाच्या विजेचा आढावा

गोव्यातल्या पेडणे आणि डिचोली तालुक्यांत ‘लाईट नाही’ आणि ‘व्होल्टेज नाही’ ही दोन वेगळी गाऱ्हाणी आहेत. लाईट गेली की सगळा वाडा एकदम काळोखात जातो, लाईनमनला फोन होतो, तासा-दोन तासांत काहीतरी निकाल लागतो. व्होल्टेज नसले की पंखा फिरतो पण वारा लागत नाही, फ्रीज गुरगुरून पुन्हा गप्प होतो आणि गीझरचे पाणी कोमटावर अडते. चवथीला मुंबईची मंडळी घरी उतरली की हे हमखास. मे महिन्यातल्या संध्याकाळीही तेच. तक्रार करायची तरी काय लिहून करायची, हा प्रश्न उरतोच, कारण वीज तर आहे.

या दुखण्याचे कारण काय, यावर गावातल्या ओट्यावर, ग्रामसभेत, वर्तमानपत्रांच्या वाचकपत्रांत आणि वीज खात्यातही वर्षानुवर्षे चर्चा चालते. प्रत्येकाचे निदान वेगळे, पण ते सगळे शेवटी दहावीतल्या एकाच गणितावर उभे असतात: व्होल्ट आणि अँपिअर ठाऊक असले तर रोध आणि शक्ती काढता येते. हे गणित काय सांगते, कोण ते कसे वापरतो आणि कुठे ते अपुरे पडते, याचा हा आढावा आहे.

सूत्राची गोष्ट, थोडक्यात

गेओर्ग झिमोन ओहम हा जर्मनीतला शाळामास्तर. सुरुवातीला त्याने प्रयोगांना व्होल्टाची रासायनिक बॅटरी वापरली, पण तिचा दाब टिकत नसल्याने आकडे जुळेनात. आमच्याकडच्या संध्याकाळसारखीच स्थिती म्हणायची. मग पोगेनडॉर्फ या संपादक-शास्त्रज्ञाच्या सल्ल्याने त्याने बिस्मथ आणि तांबे यांचा जोड घेतला. एक टोक बर्फात, दुसरे उकळत्या पाण्यात ठेवले की दाब स्थिर मिळतो. त्यावर घेतलेल्या मापांतून 1827 साली त्याचे पुस्तक आले. जर्मनीत त्याचे स्वागत थंडच झाले. लंडनच्या रॉयल सोसायटीने मात्र 1841 मध्ये त्याला कोप्ली पदक दिले. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये जूलने पाण्यात तारेचे वेटोळे बुडवून दाखवले की तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते.

या दोघांच्या कामातून आपले चार व्यवहार निघतात. दाबाला प्रवाहाने भागले की रोध, ओहममध्ये. दाबाला प्रवाहाने गुणले की शक्ती, वॅटमध्ये. प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध, हीसुद्धा शक्तीच. आणि दाबाचा वर्ग भागिले रोध, हीही शक्तीच. शेवटची दोन रूपे पहिल्या दोहोंतूनच येतात, म्हणून मुले ती पाठ करतात आणि विसरतात. कमी दाबाच्या वादात नेमकी तीच लागतात.

प्रदेश आणि त्याच्या तारा

गोव्याची जवळजवळ सगळी वीज राज्याबाहेरून येते: पश्चिम आणि दक्षिण ग्रिडमधल्या केंद्रीय प्रकल्पांतून, महाराष्ट्र आणि कर्नाटकाच्या बाजूने आत उतरणाऱ्या वाहिन्यांवरून. वितरण राज्य सरकारच्या वीज खात्याकडे आहे, दर ठरवणे संयुक्त वीज नियामक आयोगाकडे. शापोरा नदीच्या दक्षिण काठावर कोलवाळला 400 किलोव्होल्टचे मोठे उपकेंद्र आहे. पूल ओलांडला की पेडणे तालुका. तिकडे डिचोलीत अमोण्याच्या कच्च्या लोखंडाच्या कारखान्यात टाकाऊ उष्णतेवर वीजही होते. म्हणजे वीज या तालुक्यांपासून लांब नाही. लांब आहे ती शेवटच्या घरापासून.

इथल्या वस्तीची घडणच तशी आहे. हणखणे, इब्रामपूर, चांदेल, लाटंबार्से, मये, नार्वे अशा गावांत घरे एका ओळीत नसतात. एक वाडा डोंगराच्या उतारावर, दुसरा शेताच्या पलीकडे, मध्ये माडांचे भाट आणि काजूची झाडे. डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, रस्त्याकडेला. तिथून निघालेली 230 व्होल्टची तार खांबांवरून अर्धा किलोमीटर, कुठे त्याहून जास्त जाते आणि वाटेत घरे उचलत शेवटी एखाद्या एकांड्या घराच्या मीटरवर संपते.

मागणीचे रूपही बदलले. डिचोलीचा खाणपट्टा 2012 मध्ये थांबला, मध्ये काही काळ चालला, 2018 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर पुन्हा थांबला, आणि 2022 अखेरीस पट्ट्यांचे लिलाव झाले. पेडण्यात किनाऱ्याला मोरजी, मांद्रे, हरमलकडे पर्यटन वाढले आणि पठारावर मोपाचा विमानतळ जानेवारी 2023 पासून सुरू झाला. घरोघरी एसी आले. ज्या तारा एके काळी चार बल्ब, एक पंखा आणि एक रेडिओ एवढ्यासाठी ओढल्या होत्या, त्यांवर आज काय काय लटकते ते वेगळे सांगायला नको.

पहिला पक्ष: तार बारीक आहे

हा सर्वांत जुना आणि सर्वांत सोपा युक्तिवाद. समजा, हणखण्यातले एक घर डीपीपासून एक किलोमीटर लांब आहे आणि तार ‘स्क्विरल’ जातीची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या ओव्हरहेड तारांतली बारीक. (या तारांना प्राण्यांची नावे कोणी दिली देव जाणे, खार, ससा असा सगळा पंचतंत्राचा संच आहे.) तिचा रोध किलोमीटरला सुमारे 1.39 ओहम. प्रवाह फेजने जातो आणि न्यूट्रलने परततो, म्हणून दुप्पट धरायचा: 2.78 ओहम. शेवटच्या टोकाला मिळून 20 अँपिअर वाहत असले तर तारेतच 55.6 व्होल्ट खर्च होतात. डीपीवर 230 असले तरी दारात 174.

आणि ते व्होल्ट नुसते हरवत नाहीत. 20 चा वर्ग 400, गुणिले 2.78, म्हणजे 1,112 वॅट तारेची उष्णता होऊन भाटावरच्या वाऱ्यात जातात. डीपीतून निघालेल्या 4,600 वॅटचा जवळजवळ चौथा हिस्सा. त्याच जागी ‘रॅबिट’ तार घातली, रोध किलोमीटरला सुमारे 0.55 ओहम, तर घट 22 व्होल्टवर येते आणि नासाडी 440 वॅटवर. शिवाय अ‍ॅल्युमिनियम तापले की त्याचा रोध वाढतो. तार 20 अंशांवरून 60 अंशांवर गेली तर सुमारे 16 टक्के. म्हणजे वैशाखात गणित आणखी बिघडते.

याच पक्षात जोडांवर बोट ठेवणारे आहेत, आणि किनाऱ्याच्या बाजूला त्यांचे ऐकावे लागते. खाऱ्या हवेत अ‍ॅल्युमिनियम आणि तांब्याचा जोड खराब होतो. गंजलेल्या एका जोडाचा रोध अर्धा ओहम झाला तरी 20 अँपिअरला तो 10 व्होल्ट खातो आणि 200 वॅटने तापतो. रात्री खांबावर ठिणगी दिसते ती हीच. जोड बदलणे हे तार बदलण्यापेक्षा कितीतरी स्वस्त काम आहे, पण त्याचे उद्घाटन होत नाही.

दुसरा पक्ष: डीपी लांब आहे

यांचे म्हणणे असे की तार जाड करत बसण्यापेक्षा उच्च दाबाची वाहिनीच वाड्यापर्यंत न्या आणि तिथे लहान ट्रान्सफॉर्मर बसवा. तीच शक्ती 230 ऐवजी 11,000 व्होल्टवर नेली तर प्रवाह सुमारे 48 पट कमी होतो, आणि नासाडी प्रवाहाच्या वर्गाने चालत असल्याने त्याच तारेत ती जवळपास 2,300 पट घटते. या आकड्यापुढे तार जाड करण्याचा उपाय फिका दिसतो.

पण याला दुसरी बाजू आहे आणि ती प्रामाणिकपणे मांडणारे अभियंतेही आहेत. ट्रान्सफॉर्मर रिकामा असतानाही त्याचा लोखंडी गाभा वीज खातो. समजा, एका लहान डीपीला 100 वॅट लागतात. मग घरे कुलूपबंद असली तरी दिवसाला 2.4 युनिट गेले. पेडण्याच्या कित्येक वाड्यांत घरे वर्षाचे अकरा महिने बंद आणि चवथीला भरलेली असतात. त्यांच्यासाठी दहा डीपी उभे करायचे की एक मोठा, हे नुसत्या सूत्राने ठरत नाही. जमीन कोणाची, झाडे कोणती तोडायची, भूमिगत केबल टाकायची तर जांभा दगड किती फोडायचा, हे प्रश्न लगेच पुढे येतात.

तिसरा पक्ष: लोड तुमच्याच घरात आहे

वीज खात्याच्या बाजूने हे म्हणणे बऱ्याचदा ऐकू येते. मंजूर भार दोन किलोवॅट आणि घरात दोन एसी, गीझर, पंप. आणखी एक कारण कमी चर्चिले जाते: तीन फेजपैकी एकाच फेजवर अर्धा वाडा जोडलेला असतो. एक फेज वाकते, दुसऱ्या फेजवरचा शेजारी मजेत असतो आणि त्याला तुमचे गाऱ्हाणे खोटे वाटते. घरे फेजवर समान वाटली तर न्यूट्रलमधला परतीचा प्रवाह घटतो आणि तारेतली घट निम्म्याच्या आसपास येऊ शकते. तार तीच राहते. माझ्या मते तिन्ही पक्षांतला सर्वांत कमी खर्चाचा उपाय हाच, आणि सर्वांत दुर्लक्षितही.

चौथा एक पक्ष आहे, तो वरच्या बाजूला बोट दाखवतो: 33 किंवा 11 किलोव्होल्टची वाहिनीच दबलेली असेल तर खाली काहीही करा. डीपीचा टॅप, म्हणजे त्यातून निघणाऱ्या दाबाची पायरी, वर चढवून शेवटच्या घराला दिलासा देता येतो, पण मग डीपीशेजारच्या घरात रात्री बारानंतर 250 च्या वर दाब जातो आणि त्यांचे एलईडी दिवे पटापट मरतात. एकाचे समाधान ते दुसऱ्याचे गाऱ्हाणे.

सूत्र कुठे फसवते

वरचे सगळे हिशेब तारेचे आहेत, आणि तार ओहमच्या नियमाशी इमानदार असते. घरातली उपकरणे तशी नाहीत, आणि इथेच चर्चेत सर्वांत जास्त चुका होतात.

गीझर साधा. 2,000 वॅट आणि 230 व्होल्ट म्हणजे रोध 26.45 ओहम, आणि तो फारसा बदलत नाही. 174 व्होल्टला त्याची शक्ती 1,145 वॅट उरते. दाब पाऊण झाला, शक्ती जवळजवळ निम्म्यावर आली, कारण मध्ये वर्ग आहे. पाणी कोमट का, याचे उत्तर एवढेच.

जुना पिवळा बल्ब तसा नव्हता. 60 वॅटच्या बल्बचा रोध 230 चा वर्ग भागिले 60, म्हणजे सुमारे 882 ओहम. पण बल्ब विझलेला असताना मल्टिमीटर लावला तर याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी आकडा येतो. मीटर बरोबर असतो आणि सूत्रही. फिलामेंट पेटल्यावर दोन हजारांहून जास्त अंश तापते, म्हणून रोध बदलतो. शाळेत हा प्रयोग करायला आता तसे बल्बही सहज मिळत नाहीत.

खरा उलटा खेळ इन्व्हर्टर एसीचा. त्याला ठरावीक शक्ती हवी असते. 230 व्होल्टला 1,500 वॅटसाठी तो साडेसहा अँपिअर घेतो. दाब 174 वर आला की तेवढ्याच शक्तीसाठी 8.6. म्हणजे दाब पडला तर गीझर प्रवाह कमी करून लाईनला मोकळीक देतो, आणि एसी प्रवाह वाढवून तिला आणखी खाली ओढतो. साध्या मोटारींचेही थोडेफार असेच. दाब घसरला की त्या जास्त प्रवाह घेऊन तापतात आणि फ्रीजचा कंप्रेसर जळतो. वीस वर्षांपूर्वीचा वाडा मुख्यतः रोधांचा होता. आजचा तसा नाही. जुन्या काळच्या अंदाजपत्रकाने आजच्या लाईनचे निदान करू नये, असे मला वाटते ते यामुळे.

आणखी एक फसगत. टाँग टेस्टरने मोजलेले अँपिअर गुणिले व्होल्ट म्हणजे वॅट, हे प्रत्यावर्ती विजेत दर वेळी खरे नसते. पंखा, पंप, स्वस्तातले एलईडी यांत प्रवाह आणि दाब एका तालात चालत नाहीत. गुणाकाराला शक्तिगुणकाने (पॉवर फॅक्टरने) पुन्हा गुणावे लागते. बिल खऱ्या वॅटचे येते, पण तार तापते ती पूर्ण प्रवाहाने.

वर्गातला रोध आणि खांबावरचा करंट

या प्रश्नाला भाषेचीही एक कड आहे. या दोन तालुक्यांत सरकारी प्राथमिक शिक्षण मुख्यतः मराठीतून झाले, पाचवीपासून माध्यम इंग्रजी. प्राथमिकच्या माध्यमावर आणि अनुदानावर गोव्यात 1990 पासून मोठी आंदोलने झाली; तो इतिहास वेगळा. इथे एवढेच नोंदवायचे की ओहमचा नियम मुलाला दहावीच्या इंग्रजी पुस्तकात भेटतो, महाराष्ट्रातल्या बालभारतीच्या पुस्तकात तोच ‘विभवांतर’, ‘विद्युतधारा’ आणि ‘रोध’ या शब्दांत असतो, वर्तमानपत्रात ‘दाब’ असतो, आणि वायरमनच्या तोंडी ‘व्होल्टेज’, ‘करंट’, ‘लोड’. ‘रेझिस्टन्स’ला तर त्याच्याकडे शब्दच लागत नाही, तो म्हणतो, ‘लाईन लांब पडली.’

काहींचे म्हणणे पारिभाषिक मराठी शब्द रुजवावेत, नाहीतर विषय परका राहतो. इतरांना वाटते की आयटीआयमध्ये आणि कामावर जे शब्द लागतात तेच शिकवावेत. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. ‘लाईन लांब पडली’ हे शब्द मात्र मला दोन्हींपेक्षा आवडतात, कारण रोध लांबीच्या प्रमाणात वाढतो हे त्यात आले. मुलगा परीक्षेत 2.78 ओहम काढतो आणि त्याच संध्याकाळी त्याच्या घरी 174 व्होल्ट असतात. या दोन गोष्टी त्याला कोणी जोडून दाखवत नाही.

काय सुटलेले नाही

मर्यादा कोणती धरायची, हे आधी. 1956 च्या भारतीय विद्युत नियमांत घरगुती पुरवठ्याला 6 टक्के वर-खाली मुभा होती. 230 वर ती 216 ते 244. नंतर मानकांत 230 च्या वर-खाली 10 टक्के, म्हणजे 207 ते 253, असा पट्टा आला. 210 व्होल्टचे घर एका मापाने नापास, दुसऱ्याने पास.

सौरऊर्जेने नवा पेच घातला. लाईनच्या शेवटी असलेल्या घराने छतावर तीन किलोवॅटचा संच बसवला तर दुपारी 13 अँपिअर उलटे वाहतात. तोच 2.78 ओहमचा रोध आता दाब वाढवतो: 36 व्होल्टने. 230 चे 266 होतात, आणि इन्व्हर्टर 253 च्या आसपास स्वतःला तोडून घेतो. संध्याकाळी कमी दाब, दुपारी जास्त, तार एकच. यावर काय करायचे, याबाबत अजून एकमत नाही.

सुरक्षेचा भाग तर चर्चेत जवळजवळ येतच नाही. पावसात फांदी पडून न्यूट्रल तुटला की दोन फेजवरची दोन घरे 400 व्होल्टवर एकामागोमाग जोडली जातात. एका घरात गीझर, 26 ओहम. दुसऱ्यात टीव्ही आणि दिवे, समजा 260 ओहम. दाब रोधाच्या प्रमाणात वाटला जातो, म्हणून टीव्हीच्या वाट्याला 364 व्होल्ट येतात. ‘वीज वाढून टीव्ही जळला’ अशी बातमी येते ती याची. अर्थिंगचेही तसेच. उन्हाळ्यात कोरड्या जांभ्यात अर्थचा रोध 20 ओहम झाला तर बिघडलेल्या पंपातून जमिनीत साडेअकरा अँपिअरच वाहतात. 16 अँपिअरचा एमसीबी गप्प बसतो, आणि पंपाची बॉडी जिवंत राहते. कोळसा-मिठाचा खड्डा आणि वेळेवर घातलेले पाणी उपयोगी पडते, पण भरवसा ठेवायचा तो 30 मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवर, म्हणजे गळती ओळखून वीज तोडणाऱ्या स्विचवर.

सर्वांत मोठी उणीव मापांची. चारही पक्ष आपापली बाजू सांगतात, पण शेवटच्या घराचे दिवसभराचे व्होल्ट आणि अँपिअर चर्चेच्या टेबलावर क्वचितच असतात. स्मार्ट मीटर आले तर हे आकडे आपोआप नोंदले जातील, असे त्यांचे समर्थक सांगतात. विरोधकांना बिलाची आणि प्रीपेडची काळजी आहे. तो वाद निकाली निघेपर्यंतही थोडे करता येते.

बऱ्याच इलेक्ट्रॉनिक मीटरवर बटण दाबत गेले की व्होल्ट आणि अँपिअर दोन्ही दिसतात. संध्याकाळी घरातले सगळे बंद करून व्होल्ट लिहून घ्या. मग फक्त गीझर लावा आणि दोन्ही आकडे पुन्हा लिहा. समजा, आधी 218 होते, नंतर 197 आणि 7.45 अँपिअर. फरक 21 व्होल्ट, भागिले 7.45, म्हणजे 2.8 ओहम. हा तुमच्या लाईनचा रोध. तो एवढा मोठा असला तर दोष तारेत किंवा जोडात. उलट, सगळे बंद असतानाच 190 दिसत असेल आणि गीझरने त्यात फारसा फरक पडत नसेल, तर दुखणे वर, डीपीवर किंवा त्याच्या पलीकडे आहे. मधल्या मिनिटात शेजाऱ्याने पंप लावला तर हिशेब चुकतो, म्हणून तीन संध्याकाळी करा. खांबाला, डीपीला किंवा मीटरच्या आत हात लावू नका. हे आकडे तारीख-वेळेसह उपविभागीय कार्यालयाच्या अर्जावर लिहा, आणि अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.